किरकोळ जखम आणि खासगी आरोग्य विमा: नव्याने विमा घेणाऱ्यांसाठी

बोट कापलं, गुडघा खरचटला, हातावर उकळतं पाणी सांडलं. आरोग्य विमा नवीन असला की अशा वेळी दोन शंका येतात. एवढ्याशा जखमेचा खर्च विमा देईल का? आणि दुसरी, जास्त छळणारी: हे कागदावर आलं तर पुढे प्रीमियम वाढेल का, विमाच नाकारतील का? दोन्हींचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच आहे. घोटाळा होतो तो उरलेल्या थोड्या प्रसंगांत, आणि हा लेख त्यांच्यासाठीच आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. विमा कंपनीला खरचटण्याशी फारसं देणंघेणं नसतं. ती बघते तीन गोष्टी: जखम कशामुळे झाली, ती पूर्ण भरली का, आणि डॉक्टरांनी कागदावर काय लिहिलं. चार टाके पडलेली पण आठवड्यात भरलेली जखम तिच्या लेखी क्षुल्लक असते. महिनाभर न भरणारी चिमुकली जखम मात्र तिला थांबवते.

पायरी १: पॉलिसी कुठल्या खर्चाची आहे ते पाहा

खासगी आरोग्य विमा म्हटलं की सगळीकडे एकच चीज मिळत नाही. भारतातल्या बहुतेक पॉलिसी मुळात हॉस्पिटलात दाखल होण्याच्या खर्चासाठी असतात. साधारण नियम किमान २४ तास ॲडमिट राहण्याचा. डे केअर (२४ तासांच्या आत उरकून घरी सोडतात असे) म्हणून जे उपचार धरले जातात त्यांना ही अट नसते, पण दवाखान्यात जाऊन केलेली मलमपट्टी म्हणजे डे केअर नव्हे. तो ओपीडीचा, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांचा खर्च. ओपीडीचं कलम पॉलिसीत वेगळं घेतलं असेल तरच तो मिळतो.

ब्रिटनमध्ये खासगी विमा प्रामुख्याने ठरवून केलेल्या उपचारांसाठी वापरतात. जखम झाली की माणसं सरकारी आरोग्यसेवेच्या तातडीच्या विभागात जातात, आणि तिथे विम्याचा प्रश्नच येत नाही. अमेरिकेत टाके घालणं पॉलिसीत बसतं, पण वर्षाची डिडक्टिबल (कंपनी पैसे देऊ लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम) संपेपर्यंत बिल बहुधा तुमच्याच खिशातून जातं. जर्मनीतल्या पूर्ण खासगी विम्यात डॉक्टरांचं साधं बिलसुद्धा मागता येतं. तिथे प्रश्न असतो तो मागावं की नाही हा, आणि त्याकडे आपण चौथ्या पायरीत येऊ.

म्हणून पॉलिसीचा पूर्ण मजकूर उघडा. माहितीपत्रक नव्हे, कारण ते विकण्यासाठी लिहिलेलं असतं. पूर्ण मजकुरात ओपीडी, डे केअर, डिडक्टिबल, को-पे (बिलातला तुमचा ठरलेला वाटा) आणि अपघात हे पाच शब्द शोधा. 'अपघात'ची व्याख्या तर दोनदा वाचा. वैयक्तिक अपघात विमा घेतला असेल तर तोही तपासा, पण त्याच्यावर फार भिस्त ठेवू नका. तो मुख्यतः मृत्यू आणि अपंगत्वासाठी असतो, बँडेजसाठी नाही.

पायरी २: प्रपोझल फॉर्म भरताना

प्रपोझल फॉर्म म्हणजे विमा मागण्याचा अर्ज. नवख्या माणसाची सगळ्यात जास्त गडबड इथे होते. काही जण लहानपणी सायकलवरून पडल्याचंही लिहितात. काही जण एजंटच्या सांगण्यावरून सगळ्याच रकान्यांत 'नाही' टाकून मोकळे होतात. पहिल्यांमुळे फारसं नुकसान होत नाही, दुसऱ्यांमुळे होतं.

प्रश्न नीट वाचा आणि त्यात विचारलेला काळ बघा. 'गेल्या पाच वर्षांत हॉस्पिटलात दाखल झाला होतात का' असं विचारलं असेल तर दवाखान्यात घातलेले दोन टाके त्यात येत नाहीत. 'गेल्या तीन वर्षांत डॉक्टरांकडून कोणताही उपचार घेतला का' असं विचारलं असेल तर येतात, मग जखम कितीही क्षुल्लक असो. जर्मनीच्या विमा करार कायद्यात हे स्पष्ट आहे: कंपनीने लेखी विचारलेलंच सांगण्याचं बंधन ग्राहकावर आहे, पण विचारलेलं मात्र खरं सांगायला हवं. ब्रिटनमध्ये २०१२च्या कायद्याने ग्राहकावर चुकीची माहिती न देण्याची वाजवी काळजी घेण्याची जबाबदारी टाकली. अमेरिकेत २०१४पासून नियमित आरोग्य योजनांना पूर्वीच्या आजारावरून विमा नाकारता येत नाही की जास्त प्रीमियम लावता येत नाही. अल्पमुदतीच्या योजनांना मात्र ते संरक्षण लागू नाही.

लिहायचं असेल तर एका ओळीत लिहा: 'मार्चमध्ये उजव्या तर्जनीला चाकू लागला, तीन टाके, दहा दिवसांत भरली, नंतर काही त्रास नाही.' कारण, जागा, उपचार, निकाल. अंडररायटरला, म्हणजे अर्ज तपासून विमा द्यायचा का ते ठरवणाऱ्या कंपनीच्या माणसाला, यापुढे विचारण्यासारखं काही उरत नाही. 'हाताला दुखापत' एवढंच लिहिलंत तर तो कागद मागवतो आणि फाईल आठवडाभर पडून राहते.

अंडररायटर नेमका कशावर अडकतो? पायाची जखम बरेच दिवस भरली नसेल तर त्याला साखरेची शंका येते. जरा लागलं की निळे डाग पडत असतील तर रक्त पातळ करणारी औषधं किंवा रक्ताचा विकार. पडून लागल्याच्या नोंदी दोन-तीनदा दिसल्या तर चक्कर, फिट, हृदयाचे ठोके. त्याच जागी पुन्हा पुन्हा गळू होत असेल तर त्वचेचा जुना आजार. यांतल्या एकाही प्रसंगात तो जखमेचं मोल करत नसतो, तिच्यामागे काय दडलंय ते शोधत असतो. तुम्हीही त्याच नजरेने आपल्याकडे बघा. खपली पडून पुन्हा फुटणारा, कित्येक आठवडे न भरणारा व्रण असेल तर विमा राहू द्या बाजूला, आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. त्वचेच्या कर्करोगाची सुरुवात अशीही होते. आणि फॉर्म भरताना अशी जखम अंगावर असेल तर तिला 'किरकोळ' म्हणून सोडू नका.

स्वतःला करून घेतलेल्या जखमांबद्दलही बोलायला हवं, कारण त्याबद्दल कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. अशा जुन्या खुणा असतील तर प्रश्न त्वचेखाली नव्हे, मानसिक आरोग्याच्या रकान्याखाली येतो. त्या रकान्यात विचारलेल्या काळाचं उत्तर खरंच द्या. लपवलेली नोंद पुढे सापडली तर कंपनी तिच्याकडे माहिती दडवल्याचा पुरावा म्हणून बघते, आणि मग तिच्याशी संबंध नसलेल्या क्लेमवरही सावट येतं.

भारतात पॉलिसी घेण्याआधीच्या ३६ महिन्यांत निदान झालेला किंवा उपचार घेतलेला आजार 'पूर्वीपासूनचा' धरतात. त्यासाठीचा प्रतीक्षा काळ, म्हणजे ज्यात त्याचा क्लेम मिळत नाही ती सुरुवातीची मुदत, २०२४च्या नियमांनुसार जास्तीत जास्त ३६ महिने आहे. सलग ६० महिने पॉलिसी चालली की माहिती दिली नाही म्हणून कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. पूर्ण बरी झालेली कापल्याची जखम या व्याख्येत ओढूनताणूनही बसवायला कठीण. तिच्यामागची साखर मात्र अलगद बसते.

ब्रिटनमध्ये 'मोराटोरियम' पद्धतीच्या पॉलिसीत सुरुवातीला जवळजवळ काहीच विचारत नाहीत. सोपं वाटतं, पण मागच्या पाच वर्षांतली दुखणी वगळलेलीच असतात, आणि पॉलिसी सुरू झाल्यावर सलग दोन वर्षं त्यांचा त्रास झाला नाही तरच ती आत येतात. चौकशी टळत नाही, क्लेमच्या दिवसावर ढकलली जाते एवढंच.

पायरी ३: जखम झाल्यावर डॉक्टरांच्या कागदावर लक्ष ठेवा

आधी उपचार. वाहत्या स्वच्छ पाण्याने धुवा, दाबून रक्त थांबवा, खोल असेल तर दाखवा. धनुर्वाताच्या लसीचं विचारा. लसीचा मूळ कोर्स पूर्ण असेल तर स्वच्छ किरकोळ जखमेला शेवटच्या डोसला दहा वर्षं झाल्यावर बूस्टर लागतो, माती-घाण गेलेल्या जखमेला पाच वर्षांनी.

मग केसपेपर. त्यावर तारीख, वेळ, कशाने लागलं, कुठे लागलं, किती लांब आणि किती खोल, आणि काय केलं हे यायला हवं. डावा की उजवा हे दवाखान्याबाहेर पडण्याआधी स्वतः वाचा. हातात 'उजवा' लिहिलेला कागद आणि फोटोत डावा हात, असा क्लेम हमखास अडकतो. चूक सापडली तर डॉक्टरांकडूनच दुरुस्त करून सही घ्या. स्वतः खाडाखोड कराल तर खरा कागदही संशयास्पद होतो.

हॉस्पिटल जखमेला आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला कोडही देतं. आयसीडी-१०मध्ये मनगट आणि हाताची वरवरची इजा एस ६०, तर उघडी जखम एस ६१. बाहेरून भाजण्याचे कोड टी २० ते टी २५. हीच जखम चिघळून त्वचेखाली पसरलेला संसर्ग झाला तर तो एल ०३, आणि 'एल' हा त्वचेच्या आजारांचा गट आहे, इजांचा नाही. म्हणजे मूळ जखमेची नोंद नसेल तर चाकू लागून झालेला संसर्ग कंपनीला नुसता त्वचारोग दिसतो. कशामुळे झालं हे सांगणारे डब्ल्यू, एक्स, वायचे कोड वेगळे असतात, आणि घाईत ते राहून जातात. कोड तुम्हाला पाठ असण्याची गरज नाही. 'चाकू लागून झालेली जखम' हे शब्द कागदावर आहेत ना, एवढं बघितलं तरी पुरे.

कारणाला इतकं महत्त्व का? कारण अपघाताला बरेच दरवाजे उघडे असतात. भारतात नव्या पॉलिसीला पहिल्या ३० दिवसांचा प्रतीक्षा काळ असतो, तो अपघाताला लागू नाही. ठरावीक आजारांसाठीचा जादा प्रतीक्षा काळही अपघाताला लागू नाही. पण अपघात म्हणजे अचानक, अनपेक्षितपणे, स्वतःच्या इच्छेविना, बाहेरच्या दिसणाऱ्या जोरदार कारणाने घडलेली घटना. दारात बोट चेमटणं यात बसतं. नवा बूट आठवडाभर चावून टाचेला झालेली जखम बसत नाही. दोन्हींतून सारखंच रक्त येतं, तरी पॉलिसीच्या भाषेत ती वेगवेगळ्या घरची आहेत.

जखम कामावर झाली असेल तर तिथेच तसं सांगा. अमेरिका, जर्मनीसारख्या देशांत कामावरच्या इजेचा खर्च आरोग्य विम्यातून नव्हे, कामगारांसाठीच्या वेगळ्या अपघात विम्यातून भागवायचा असतो. संकोचाने 'घरी लागलं' असं सांगितलंत तर पुढे दोन्हीकडून नकार येण्याची सोय झाली. केसपेपरवर दारूचा उल्लेख आला तर चौकशी लांबते. साहसी खेळांचा अपवाद लोकांना वाटतो तितका सरसकट नसतो: भारतातल्या प्रमाणित कलमात तो व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांपुरता आहे. सहलीत दोरीवर घासून हात सोलला तर घाबरून कारण बदलू नका.

पायरी ४: क्लेम करायचा की खिशातून भरायचं

हा हिशेब कोरडेपणाने करा. बिलातून डिडक्टिबल आणि को-पे वजा केल्यावर काय उरतं ते एका बाजूला. क्लेम न केल्यामुळे पदरात पडणारं दुसऱ्या बाजूला. भारतात हा लाभ बहुधा विमारकमेत वाढ होऊन मिळतो. जर्मनीत वर्षभर बिल सादर न करणाऱ्याला अनेक कंपन्या प्रीमियमचा काही भाग परत करतात, म्हणून तिथले मुरलेले ग्राहक छोटी बिलं वर्षअखेरपर्यंत साठवतात आणि एकूण आकडा परताव्यापेक्षा मोठा झाला तरच पाठवतात. ही युक्ती इतरत्र चालवण्याआधी बिल सादर करायची मुदत तपासा, नाहीतर साठवलेली बिलं रद्दीत जातील.

अमेरिकेत याच्या उलट वागावं. पैसे स्वतःचे गेले तरी नेटवर्कमधल्या, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या डॉक्टरचं बिल कंपनीमार्फतच जाऊ द्या, म्हणजे ते डिडक्टिबलमध्ये मोजलं जाईल. डिसेंबरात मोठं दुखणं निघालं तर फेब्रुवारीतले टाके उपयोगी पडतात.

आकार बघून खर्चाचा अंदाज बांधू नका. कुत्र्याच्या दातांनी रक्त न येता नुसतं ओरखडलं तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ती दुसरी श्रेणी आहे: जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि लस घ्यायची. त्वचा फुटून रक्त आलं की तिसरी श्रेणी, लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. लसीचे अनेक डोस, प्रत्येकाची फेरी वेगळी, बिल वेगळं, आणि सगळं ओपीडीत. दाखल न होता एवढा खर्च करायला लावणारी दुसरी किरकोळ जखम चटकन आठवत नाही. काही पॉलिसींत प्राणी चावल्यावरच्या लसीसाठी वेगळं कलम असतं, ते आत्ताच शोधून ठेवा. तुमचं हॉस्पिटल-पुरतं कव्हर असेल तर लस देणारं जवळचं सरकारी केंद्र कुठलं तेही.

क्लेम केला नाही म्हणजे जखम झालीच नाही, असं मात्र नाही. पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीकडे फॉर्म भरताना प्रश्न 'उपचार घेतला का' असा असतो, 'क्लेम केला का' हा वेगळा रकाना असतो. दोन्हींची उत्तरं वेगळी असू शकतात.

पायरी ५: जखम चिघळली तर

लाली पसरायला लागली, जागा गरम लागते, ताप आला, जखमेपासून वर लाल रेघ जाताना दिसली, तर थांबू नका. अशा संसर्गाला कधीकधी शिरेतून प्रतिजैविकं द्यावी लागतात, आणि इथे किरकोळ जखम हॉस्पिटलच्या क्लेममध्ये शिरते.

पहिल्या दिवसाच्या ड्रेसिंगची फेकून द्यावीशी वाटलेली पावती आता कामाला येते. भारतातल्या आरोग्य संजीवनी या प्रमाणित पॉलिसीत दाखल होण्याआधीच्या ३० आणि घरी गेल्यानंतरच्या ६० दिवसांचा संबंधित खर्च धरला जातो, इतर अनेक पॉलिसींत हे दिवस जास्त असतात. पैशांइतकंच महत्त्वाचं म्हणजे ती पावती 'सुरुवात जखमेने झाली' हे तारखेसकट सांगते.

मधुमेह असेल आणि त्याचा प्रतीक्षा काळ संपलेला नसेल तर कंपनी म्हणेल, संसर्ग साखरेमुळे झाला. तेव्हा उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून लेखी मत घ्या: जखम कशाने झाली, संसर्ग कशाचा, साखरेचा वाटा आहे की नाही. डॉक्टर तुमच्या बाजूने लिहितीलच असं नाही, आणि तसा आग्रह धरूही नये. पण 'डायबेटिक फूट' (मधुमेहामुळे झालेला पायाचा विकार) हा शिक्का घाईत मारला गेला असेल तर तो काढण्याची जागा डिस्चार्ज समरी तयार होतानाच असते. घरी गेल्यावर ते फार अवघड होतं.

क्लेम मिळावा म्हणून ॲडमिट व्हायचं, हे करू नका. दाखल होण्याची वैद्यकीय गरज कागदावर दिसली नाही तर कंपनी पैसे देत नाही, आणि 'नुसतं निरीक्षणासाठी' हे शब्द तिला लगेच दिसतात.

पायरी ६: मागे राहिलेला डाग

सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया जवळजवळ सगळ्याच पॉलिसींत वगळलेली असते. भारतातल्या प्रमाणित कलमात मात्र अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना या अपवादातून सुटते. आरोग्याचा थेट धोका टाळण्यासाठी म्हणून करायची असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तशी वैद्यकीय गरज लिहून द्यावी लागते. भाजल्यानंतर कातडी आखडून बोट सरळ होत नसेल तर ते कामाचं आहे. हनुवटीवरची खूण आवडत नाही, हे नाही. केलॉइड, म्हणजे जखमेच्या हद्दीबाहेर वाढणारा जाड व्रण, या दोन्हींच्या मधोमध येतो. खाज, दुखणं, हालचालीला अडथळा यांची नोंद असेल तर आशा असते. त्यासाठी जखम झाली तेव्हाचे आणि नंतरचे तारखेसह फोटो ठेवा.

पायरी ७: नकार आला तर

फोनवरचा नकार धरू नका. कोणत्या कलमाखाली नाकारलं ते लेखी मागा आणि ते कलम पॉलिसीत स्वतः वाचा. उत्तर देताना भावना बाजूला ठेवून एकेका मुद्द्याला एकेक कागद जोडा. 'त्वचारोग' म्हणत असतील तर जखमेचा पहिला केसपेपर, 'पूर्वीचा आजार' म्हणत असतील तर डॉक्टरांचं मत.

कंपनीने ऐकलं नाही तर भारतात विमा लोकपालाकडे जाता येतं. आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी. तिने नाकारली किंवा ३० दिवसांत उत्तरच दिलं नाही की पुढे एक वर्षाची मुदत मिळते. ब्रिटनमध्ये कंपनीला आठ आठवडे द्यायचे, तिचं अंतिम उत्तर आल्यावर सहा महिन्यांत आर्थिक सेवांच्या लोकपालाकडे जायचं. अमेरिकेत वैद्यकीय निर्णयावरून आलेल्या अंतिम नकारानंतर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागता येते. जर्मनी आणि ऑस्ट्रेलियातही खासगी आरोग्य विम्यासाठी लोकपाल आहेत. भारतातल्या लोकपालाकडे तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही, म्हणून रक्कम लहान आहे एवढ्यावरून ही वाट सोडू नका. सोडायचीच असेल तर नकाराचं कलम वाचून, ते खरंच लागू होतंय हे पटल्यावर सोडा.